आधी स्प्रिंग, मग सीसी

प्रश्न : मी इचलकरंजीत राहतो. वय ४३, उंची ५ फूट ६ इंच, वजन ११२ किलो. इतकी वर्षं दीडशे सीसीची गाडी वापरली. बायकोला मागे घेऊन आंबोली उतरताना गाडी वळणावर बाहेर बाहेर जाते आणि प्रत्येक गतिरोधकावर मागून दणका बसतो. आता टूरिंगसाठी नवी गाडी घ्यायची आहे. वर्षातून दोन-तीनदा दोघं मिळून कोकण-गोवा, एकदा तरी हिमाचलातलं स्पिती. बाकी रविवारी मी एकटाच. बजेट सगळं धरून साडेचार लाख. हिमालयन ४५०, केटीएम ३९० अॅडव्हेंचर आणि मीटिअर ३५० या तिघींवर नजर आहे. शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘काका, शॉकअप टाइट करून देतो, काही होत नाही.’ मित्र म्हणतात, आधी वजन उतरव, मग गाडी बघ. माझ्या वजनाला कोणती गाडी चालेल, ते खरं सांगा.

– एक वाचक

उत्तर : नमस्कार. आकडे लपवले नाहीत, बायकोसोबतच्या आणि एकट्याच्या फेऱ्यांचा हिशोबही दिलात, त्यामुळे उत्तर नेमकं देता येईल.

आधी मित्रांचं. वजन उतरवायचं की नाही, हा तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा विषय आहे. गाडीचा प्रश्न आजच्या वजनाचा आहे आणि तो आजच्या वजनावर सुटतो. दुचाकीचे शॉकअप साधारण ७५-८० किलोचा माणूस गृहीत धरून बसवलेले असतात. तुमचा बांधा त्या गृहीतकात बसत नाही, यात तुमची काहीच चूक नाही. बूट शिवून घेताना पायाचं माप देतो, तसं इथे वजनाचं माप द्यायचं. शॉकअपच्या दुकानात गेल्यावर मात्र ते दहा किलोने कमी करून सांगू नका. हेल्मेट, जॅकेट, बूट घालून काट्यावर उभे राहा आणि जो आकडा येईल तोच सांगा. तुमच्या बाबतीत तो ११८-१२० येईल.

आता शोरूममधल्या मुलाचं, कारण सगळी गोम तिथेच आहे. शॉकअप ‘टाइट’ करणं म्हणजे मागच्या शॉकअपची रिंग सी-पान्याने फिरवून स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणं. याला प्रीलोड म्हणतात. त्याने स्प्रिंग कडक होत नाही. बसलेल्या खाटेच्या पायांखाली विटा लावल्या तर खाट उंच होते, पण सैल नवार सैलच राहते. प्रीलोडचं तसंच आहे. गाडीचा मागचा भाग वर येतो, शोरूमच्या दारात सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग पूर्वीइतकीच दबते.

हिशोब करून बघू. समजा, मागच्या चाकाशी मोजलं तर दर दोन किलोला शॉकअप एक मिलिमीटर दबतो. ज्या माणसासाठी गाडी बेतली, त्याच्यापेक्षा तुम्ही जाकिटासकट ४० किलोंनी जड. चालवणाऱ्याच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग मागच्या चाकावर येतो, म्हणजे २७ किलो. मागे १३-१४ मिलिमीटर जास्त दबलं. वहिनी मागे बसल्या. तुम्ही त्यांचं वजन लिहिलेलं नाही, मी ५८ धरतो आणि हेल्मेट-जॅकेटसह ६५. मागे बसणाऱ्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्याच चाकावर जातं, म्हणजे आणखी २८-२९ मिलिमीटर. सामानाचे पाच धरा. एकूण ४७-४८ मिलिमीटर जादा. २०० मिलिमीटर चाल, म्हणजे चाक वर-खाली सरकायला तेवढी जागा, असलेल्या गाडीत नेहमीच्या माणसानेच ५५-६० वापरलेले असतात. म्हणजे तुम्ही दोघं बसल्यावर, एकही खड्डा यायच्या आत, अर्ध्याहून जास्त चाल संपलेली असते.

आंबोलीत होतं ते याचमुळे. मागचा भाग बसला की नाक वर येतं, पुढच्या चाकावरचा भार घटतो, फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांसारख्या शॉकअपचा, कल बदलतो आणि हँडल वळवलं तरी गाडी वळणाच्या बाहेर सरकते. रात्री समोरून येणारे दिवे मारून तुम्हाला खुणावत असतील, तर तेही यामुळेच; हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात असतो. गतिरोधकावरचा दणका म्हणजे शॉकअप शेवटापर्यंत दबून आदळतो. तो दणका कंबरेला बसतो, तसाच फ्रेमला आणि रिमलाही बसतो.

म्हणून माझं ठाम मत असं की तुम्ही इंजिनाच्या आकड्यावरून गाडी निवडू नका. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. तुमचे रस्ते म्हणजे आजऱ्याहून आंबोली, गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, मलकापूरहून अणुस्कुरा, राधानगरीहून फोंडा. तिथे ताशी ५०-६० हा वेग पुरेसा आहे आणि तो ४० पीएसची, म्हणजे साधारण ४० अश्वशक्तीची, गाडी आरामात देते. तिथे गाडीची परीक्षा होते ती उतरणीवरच्या आखूड वळणात, ब्रेक दाबलेला असताना, रस्त्यात पावसाने केलेली नाली आल्यावर. त्या क्षणी शॉकअपमध्ये चाल शिल्लक आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

गाडीचं नाव ठरवण्याआधी एक बेरीज मात्र करावीच लागेल, कारण तिचं उत्तर कोणतीही स्प्रिंग बदलू शकत नाही. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून पेट्रोलसह गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा वाटा. साडेतीनशे ते साडेसहाशे सीसीच्या गाड्यांत हा वाटा बहुधा १७० ते २०० किलोंच्या दरम्यान येतो. तुम्ही ११२, वहिनी ५८, दोघांचे हेल्मेट-जॅकेट-बूट मिळून १४, झाले १८४. आता लोखंडी स्टँड, दोन अॅल्युमिनियमच्या पेट्या, मागे एक टॉप बॉक्स आणि त्यात कपडे भरले तर बेरीज सहज २१० च्या पुढे जाते. दणकट शॉकअप बसवला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. ती फ्रेम, ब्रेक, चाक आणि टायर या सगळ्यांची मिळून असते.

यावर उपाय सामानातच आहे. कोकणात घरगुती राहण्याची सोय सगळीकडे आहे, कपडे धुता येतात, जेवण मिळतं. कापडी साइड बॅगा घ्या, त्यांना जड स्टँड लागत नाही. दोघांचं मिळून आठ-दहा किलोंत बसवा. जड वस्तू, म्हणजे पाना-हत्यारं, पंक्चरचं सामान, पाणी, टाकीवरच्या बॅगेत किंवा बॅगांच्या तळाशी पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या टोकावर, चाकाच्या आसाच्याही मागे ठेवलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. वहिनींना पाठ टेकायला म्हणून टॉप बॉक्स हवा असेल तर जरूर लावा, पण तो पाठीपुरताच. त्यात रेनकोटपलीकडे काही नको.

आता तुमच्या तिघी.

मीटिअर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर उंच, म्हणजे तुमचे पाय पूर्ण टेकतात. किंमतही आता सोयीची आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. मागे दोन शॉकअप आहेत, ते बदलायला सोपे. पण मागच्या चाकाची चाल फक्त ९० मिलिमीटरच्या आसपास आहे. स्प्रिंग कितीही योग्य बसवली तरी एवढ्या थोड्या चालीत १८५-१९० किलो भार आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे वळणरस्ते, दोन्ही मावत नाहीत. शिवाय इंजिन २० पीएसचं. अणुस्कुरा चढताना दोघांना घेऊन ते कुरकुर न करता चढेल, पण पुढचा ट्रक ओलांडायला जागा बघत बसावं लागेल. तुम्ही कायम एकटे फिरणार असता तर मी तिला बाद केलं नसतं. दोघांसाठी नको.

केटीएम ३९० अॅडव्हेंचरच्या २०२५ च्या मॉडेलमध्ये डब्ल्यूपी कंपनीचे ४३ मिलिमीटरचे फोर्क आहेत. पुढे २०० आणि मागे २०५ मिलिमीटर चाल. महत्त्वाचं म्हणजे फोर्क किती वेगाने दबायचे आणि दबल्यावर किती वेगाने परत उसळायचे, दोन्ही कमी-जास्त करता येतं, मागे प्रीलोडसोबत ही उसळीही जुळवता येते. या किमतीत हे फार थोड्या गाड्यांत मिळतं. जड माणसाला ही उसळीची कळ फार कामाची, कारण दबलेली स्प्रिंग जेवढ्या जोराने परत फेकते तेवढंच तिला आवरणारं तेलाचं दडपण लागतं. प्रीलोड वाढवून उसळी तशीच सोडली तर गतिरोधकानंतर सीट खालून ढकलल्यासारखी वर येते आणि मागे बसलेल्याची मान झटकते. एकच सांभाळा : याच नावाने स्वस्त आवृत्तीही विकली जाते, तिच्यात ही सगळी समायोजनं नाहीत. पैसे भरण्याआधी कळा कुठे आहेत ते हाताने फिरवून बघा. सीट ८३० मिलिमीटरची आहे.

हिमालयन ४५० मध्ये शोवा कंपनीचे ४३ मिलिमीटरचे उलटे (जाड नळी वर, बारीक नळी खाली) फोर्क, पुढे-मागे २०० मिलिमीटर चाल, मागे एकच शॉकअप आणि त्याला फक्त प्रीलोड. म्हणजे कळांच्या बाबतीत केटीएम वरचढ. पण हिमालयनचं इंजिन खालच्या फेऱ्यांतच ओढतं, ताकद ४० पीएस आणि ओढ (टॉर्क) ४० न्यूटन-मीटर. टाकी १७ लिटरची आहे, मागची सीट रुंद आहे. सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसते, शिवाय ८०५ पर्यंत खाली नेणारी वेगळी सीटही मिळते. तुमच्या उंचीला ही शेवटची गोष्ट निर्णायक ठरेल, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या.

शोरूममध्ये तुम्ही हिमालयनवर किंवा केटीएमवर बसाल तेव्हा गाडी तुमच्या वजनाने बरीच खाली जाईल आणि पाय छान टेकतील. मनात येईल, उंचीचा प्रश्नच नाही. पण ते पाय टेकतात मऊ स्प्रिंगमुळे. योग्य स्प्रिंग बसली की गाडी जेवढी उभी राहायला हवी तेवढी उभी राहील, सीट वर येईल आणि ५ फूट ६ इंचाला बोटांवर उभं राहायची वेळ येईल. एकटे असताना ते जमतं. वहिनी चढत-उतरत असताना, वेसवी-बागमांडला किंवा दाभोळ-धोपावे जेट्टीच्या ओल्या उतारावर ते जमत नाही. म्हणून शोरूममध्ये ठेवलेल्या गाडीचा प्रीलोड पूर्ण चढवायला सांगा आणि मगच सीटवर बसून पाय बघा. खरी उंची तेव्हा कळेल.

मी तुमच्या जागी असतो तर खालच्या सीटची हिमालयन ४५० घेतली असती आणि चाळीस-पन्नास हजार पहिल्या दिवसापासून शॉकअपसाठी बाजूला ठेवले असते. या पैशांत क्रॅश गार्ड, जास्तीचे दिवे, मोठी काच हे काही येत नाही. ते नंतर बघू. मागे तुमच्या वजनाच्या स्प्रिंगचा, उसळी जुळवता येणारा शॉकअप आणि पुढे फोर्कच्या स्प्रिंगा, दोन्ही. फक्त मागचा बदलून थांबणारे पुष्कळ आहेत आणि तसं करणं अर्धवट काम आहे. घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की तुमचा भार पुढे येतो. फोर्क मऊ असले तर ते तळाला जातात आणि त्याच वेळी खड्डा आला तर चाक तो झेलू शकत नाही. फोर्कच्या स्प्रिंगा मागच्या शॉकअपच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतात. थायलंडच्या वायएसएस, नेदरलँड्सच्या हायपरप्रो, स्वीडनच्या ओलिन्स या कंपन्यांचा माल भारतात मिळतो. ओलिन्स तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही आणि बसवण्याची गरजही नाही. बदललेल्या भागामुळे वॉरंटीवर काय परिणाम होईल, ते सर्व्हिस सेंटरकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी ‘काही होत नाही’ नको.

स्प्रिंग कोणत्या वजनाची मागवायची, इथे एक निवड करावी लागते. वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही एकटे आहात. दोघांच्या वजनाला बेतलेली स्प्रिंग घेतली तर रविवारी एकट्याला ती दगडासारखी लागेल आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक टप्पे घेईल. म्हणून स्प्रिंग तुमच्या १२० किलोंना आणि थोड्या सामानाला बेतायला सांगा आणि वहिनी बसल्या की प्रीलोड वाढवा. प्रीलोडचं खरं काम हेच आहे : योग्य स्प्रिंग असताना एकट्यावरून दोघांवर जाणं. जमल्यास हाताने फिरवायची गोल मूठ असलेला हायड्रॉलिक प्रीलोड घ्या. सी-पाना काढून, गरम सायलेन्सरशेजारी हात घालून रिंग फिरवायची असेल तर माणूस कंटाळतो आणि फिरवत नाही. जुन्या बाजारात चांगली ठेवलेली कावासाकी वर्सिस ६५० मिळाली तर तिच्यात ही मूठ कंपनीचीच असते. बजेट थोडं वाढवावं लागेल, गाडी २१५ किलोंच्या वर आहे, पण दोघांसाठी ती फार समजूतदार गाडी आहे. तिचा विचार नक्की करा.

मोजणी घरी करता येते. मेजरिंग टेप आणि दोन मदतनीस लागतात. मागच्या चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर एका जागी चिकटपट्टी लावा. पहिलं माप चाक जमिनीवरून उचलून, म्हणजे शॉकअप पूर्ण मोकळा असताना. दुसरं गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. तिसरं तुम्ही पूर्ण पोशाखात, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेले असताना. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. पहिल्यातून तिसरं वजा केल्यावर एकूण चालीचा पाव ते एक तृतीयांश भाग यायला हवा, म्हणजे २०० मिलिमीटरच्या गाडीत ५० ते ६५. पहिल्यातून दुसरं वजा केल्यावर दहा-पंधरा मिलिमीटर तरी उरायला हवेत. प्रीलोड चढवून तिसरं माप जुळवलं आणि दुसऱ्यात काहीच उरलं नाही, गाडी रिकामी असताना शॉकअप ताठ वर जाऊन बसला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे हे सिद्ध झालं. मग कोणी कितीही टाइट करून दिलं तरी उपयोग नाही.

टेस्ट राइडला वहिनींना बरोबर न्या आणि फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय सैलसर बांधा. उलट्या फोर्कात ती नळी खाली असते. फेरी झाल्यावर टाय कुठे सरकला ते बघा. साध्या गतिरोधकावर तो शेवटाला जाऊन टेकला असेल तर स्पितीत ग्रांफू ते बातल या दगडगोट्यांच्या पट्ट्यात काय होईल, याचा अंदाज येतो. तिथे दोघांनी जाणार असाल तर शॉकअपचं काम झाल्याशिवाय निघू नका.

टायरचं थोडक्यात. बाजूवर मापाच्या शेवटी दोन आकडी भारांक असतो : ६६ म्हणजे त्या टायरची कमाल क्षमता ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५. तुमच्या मागच्या चाकावर गाडीचं, तुमचं, वहिनींचं आणि सामानाचं मिळून अंदाजे २४०-२५० किलो येतील, त्यामुळे टायर बदलताना भारांक कमी झालेला चालणार नाही. ही क्षमता पुरेशी हवा असेल तरच खरी असते. दोघांसाठीची हवा वेगळी लिहिलेली असते, ती सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या गेजने भरा. पंपावरच्या काट्यांवर भरवसा ठेवू नका.

आणि चेन. मेकॅनिक रिकाम्या गाडीला चेनचा ढिलेपणा बघतो. तुम्ही दोघं बसलात की मागचं चाक वर सरकतं, चेन ताणली जाते आणि फार घट्ट ठेवली असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. सर्व्हिसिंगनंतर दोघांनी बसून, तिसऱ्याकडून ढिलेपणा तपासून घ्या.

दिवाळीपर्यंत गाडी घ्यायची असेल तर एवढं करा : हिमालयन आणि केटीएम दोन्हींची, प्रीलोड पूर्ण चढवून, तीन-तीन मापं घ्या, वहिनींना दोन्हींवर अर्धा-अर्धा तास बसवा आणि त्यांना कोणती मागची सीट सोयीची वाटली तेही विचारा. मापं आणि त्यांचं उत्तर कळवलंत, तर कोणत्या आकड्याची स्प्रिंग मागायची ते पुढच्या पत्रात लिहितो.